खाऱ्या टाकीतले गप्पी

वळ गावच्या त्या टोकाला गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि ती बुजवायला निघालेला माणूस तिच्याच पाण्यावर लहानाचा मोठा झालेला. आता बोला! प्रितेश त्याचं नाव. बापाच्या शेतांवर तीन गोडाऊन उभी राहिली होती आणि चौथ्याच्या बरोबर मधोमध ही विहीर येत होती. सातबाऱ्यावर त्याच्या जोडीला धाकट्या बहिणीचं, दिपालीचंही नाव होतं. तिने हक्कसोडीच्या कागदावर सही केली की डंपर येणार, भराव पडणार आणि विहिरीवर ट्रक उभे राहणार. दिपाली सही करत नव्हती. भांडण एवढंच, पण तीन महिने झाले तरी मिटायचं नाव घेत नव्हतं.

दिपाली शेलार गावात दिलेली. तिथल्या आरोग्य केंद्राची ती आशा सेविका होती. डेंग्यूची साथ आली की ती गटारांत, टाक्यांत, पडक्या हौदांत गप्पी मासे सोडत फिरायची. हे मासे डासांची अंडीपिल्लं खातात, म्हणून. दोन वर्षांपूर्वी तिने बापाच्या विहिरीतही मूठभर सोडले होते आणि त्यांचे हजार झाले होते. तिच्या नोकरीवरून प्रितेश तिला चारचौघांत "गप्पीवाली" म्हणायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण ती गिळायची. सख्खा भाऊ पडला ना!

गणपती यायला चार दिवस होते, तेव्हाची गोष्ट. प्रितेशने तिला बोलावून घेतलं. हॉलमध्ये सोफ्यावर तो, त्याची बायको भावना, कोपऱ्यात खाली बसलेली आई कमळाबाई, भिंतीवर हार घातलेला बापाचा, काळूरामचा फोटो. आणि त्या फोटोच्या खाली पुरुषभर लांबीची काचेची टाकी. समुद्राच्या पाण्याची, समुद्राच्या माशांची! होळीला बसवली होती. गोडाऊनच्या पार्ट्या आल्या की प्रितेश त्यांना मुद्दाम टाकीसमोर बसवायचा. अकरा मासे आणले होते, त्यातले पाच उरले होते, पण ते तो कोणाला सांगत नसे.

"सही कर आणि मोकळी हो," प्रितेश म्हणाला. कागद टेबलावर पसरलेलाच होता.

"विहीर सोडून बाकी सगळ्यावर करते. आत्ता करते," दिपाली म्हणाली. "विहिरीचे दोन गुंठे ठेव. गोडाऊन बाजूने बांध."

"दोन गुंठे मध्ये ठेवून गोडाऊन कसं बांधतात? तुझ्या गप्पीसाठी? मासे हायेत ना आत, जीव हायेत ना? आण इकडं. टाकतो माझ्या टाकीत. एसीत राहतील!"

भावना फिस्सकन हसली.

"ही खारी टाकी हाय," दिपाली म्हणाली.

"मग? जगले तर विहीर तुझी. पंधरा दिवस जगून दाखवू देत. मेले तर सही करायची, तोंड वर करायचं न्हाय." आणि त्याने खरोखर उठून बापाच्या फोटोच्या काचेवर हात ठेवला. "बाबाच्या शपथेवर. झालं?"

त्याला वाटलं होतं ती रडेल, निघून जाईल. दिपाली टाकीकडे बघत उभी राहिली. तिला काल्हेरच्या खाडीकडचं एक गटार आठवलं. भरतीला दिवसातून दोनदा त्यात खाडीचं पाणी शिरतं, आणि तरी त्यात गप्पी वळवळताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. आणि बापही आठवला. काळूरामचा जन्म मिठागरावर गेला. पावसात मिठागराच्या खाचरांतलं पाणी गोडं व्हायचं, त्यात बारके मासे शिरायचे. पाऊस सरला की पाणी दिवसादिवसाने खारं होत जायचं आणि मासे तरी जगायचे. "एकदम दिलं तर मरतात, बाय," बाप सांगायचा. "हळूहळू दिलं तर पितात."

"झालं," ती म्हणाली. "पण पंधरा दिवस टाकीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा न्हाय. पाणी घालायचं न्हाय, काढायचं न्हाय. लावला तर पैज तू हरलास."

"लाव तूच हात! घाण तरी साफ करशील," प्रितेश म्हणाला.

आई कोपऱ्यातून बोलली, तेही मुलाच्याच बाजूने. "कनाला ही थेरं, दिपाली? भाव हाय तो तुझा. सही कर नि सुटका कर सगल्यांची." दिपालीला ते लागलं. प्रितेश बोलला तर राग यायचा, आईचं बोलणं मनात सलत राहायचं. पण म्हातारी मुलाच्या घरात राहत होती, त्याच्या ताटातलं जेवत होती. ती आणखी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर दिपाली स्कूटी घेऊन वळला आली. विहिरीतून एकवीस गप्पी काढले आणि विहिरीच्याच पाण्यासकट टबात घेऊन टाकीशेजारी ठेवले. मग सवयीने तिने टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मिठागरवाल्याची पोर ती! बोट जिभेला लागलं आणि ती दचकली. हे समुद्राचं पाणी नव्हतं. चैत्र-वैशाखात खाचरातलं पाणी आटायला लागतं, तेव्हाची ही चव होती.

"वहिनी, टाकीतलं पाणी कमी झालं की काय घालतेस गं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काय म्हणजे? खारंच," भावना म्हणाली. "त्या बाटलीतलं समुद्री मीठ ड्रममध्ये कालवून ठेवलंय. रोज बोटभर पाणी उतरतं, एसीने नि त्या पंख्याने. रोज कळशीभर घालते. टाकीवाला सांगून गेला होता, उतरलं की भरत राहा. त्याच्याशी ह्यांचं वाजलं, आता तो फोन उचलत न्हाय."

दिपालीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. पाणी उडतं, मीठ उडत नाही. मिठागर चालतं तेच मुळी त्याच्यावर! खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हाने ते उडवायचं, उरतं ते मीठ. आणि काळूरामच्या मुलाच्या घरात होळीपासून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आणखी मीठ पडत होतं. बिचारे सहा मासे त्यानेच गेले होते. बापाच्या कावडीला खांदा लावायला एक दिवस न गेलेल्या पोराकडून दुसरं काय होणार! तिच्या ओठावर आलं होतं सांगायचं. पण समोर भावना कमरेवर हात ठेवून उभी होती. ती तर पहिल्यापासूनच दिपालीला पाण्यात पाहायची.

"बरं," दिपाली म्हणाली आणि गप्प बसली.

त्या दिवसापासून तिचं रोजचं काम ठरलं. टाकीतलं एक कळशी पाणी काढून मोरीत ओतायचं. विहिरीवर जायचं, दोन कळश्या गोडं पाणी शेंदून आणायचं आणि सावकाश टाकीत सोडायचं. मग टबाकडे वळायचं. आरोग्य केंद्रातून तिने सलाईनची कोरी नळी आणली होती. एक टोक टाकीत, दुसरं टबावर, मधली चकती फिरवून थेंब धरायचा. पहिल्या दिवशी एवढा सावकाश, की दोन थेंबांत एक आवंढा गिळून व्हावा. दुसऱ्या दिवशी जरा जलद. टब भरला की अर्धा उपसायचा आणि परत थेंब सुरू.

तिसऱ्या दिवशी तीन गप्पी मेले. प्रितेश नेमका तेव्हाच हॉलमध्ये आला. त्याने एक मेलेला मासा चिमटीत धरून तिच्यासमोर नाचवला. "गप्पीवाली, ह्याला कोणतं इंजेक्शन देतेस आता?" आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचं. तिने नळीची चकती अर्धं वळण मागे घेतली. घाई तिचीच झाली होती. दोन दिवसांनी आणखी एक गेला. उरले सतरा.

तोवर गणपती बसले. हॉल पाहुण्यांनी भरला. जो येईल तो बाप्पाला हात जोडायचा आणि वळून टबात डोकवायचा. प्रितेश सगळ्यांना रंगवून सांगायचा, "आमच्या दिपालीने गटारातले मासे आणलेत, समुद्रात सोडणार हाय!" मामा हसले, माम्या हसल्या, गोडाऊनचा सुपरवायझर विपुल तर फोनवर व्हिडिओ काढून गेला. दिपाली मोदकाचं ताट बाजूला सारून टबाशी उकिडवी बसून राहायची. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, चांगली वाटत होती. पण विहीर गेली तर मग काय उरणार होतं तिचं ह्या गावात?

सातव्या दिवशी टबातलं आणि टाकीतलं पाणी तिने आळीपाळीने चाखलं. चव एक लागली. तिने टब टाकीच्या काठाला टेकवला आणि गप्पी एकेक करून आत सोडले. सतरा बारीक शेपट्या त्या भल्यामोठ्या पाण्यात पसरल्या. पिवळा चपटा मासा त्यांच्यामागे धावला, दोनदा वळला, कंटाळला. गप्पी दगडांच्या आडोशाला गेले आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन शेवाळ चोखू लागले.

प्रितेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "उद्या बघू," एवढंच म्हणाला. उद्याही जगले, परवाही जगले. आणि नुसते गप्पीच नव्हेत! नारिंगी पट्ट्यांचा जो मासा महिनाभर तळाला पडून होता, तो वर येऊन खाणं मागायला लागला. पिवळ्याचा रंग उजळला. प्रितेश पाहुण्यांना म्हणाला, "नवीन खाणं आणलंय ना, इम्पोर्टेड, त्याचा फरक." बाराव्या दिवशी एका गप्पी मादीने त्या खाऱ्या पाण्यात पिल्लं टाकली. डोळ्यांएवढीच पिल्लं, नुसते डोळेच पोहताहेत असं वाटावं अशी. दिपाली काचेला नाक लावून लहान मुलीसारखी हसली.

अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवशी पंधरा दिवस भरले. दिपाली आली ती नवी साडी नेसून. हॉलमध्ये प्रितेश विपुलशी नकाशा पसरून बोलत बसला होता. नकाशावर विहिरीच्या जागी सरळ रेघ होती.

"दादा, सतराच्या सतरा हायेत. वर पिल्लं," ती म्हणाली. "आता विहीर सोडून कागद कर. मी लगेच सही करते."

"कसली विहीर?"

"पैज लावलीस ना? बाबाच्या फोटोवर हात ठेवून?"

प्रितेश विपुलकडे बघून हसला. "मस्करी केली, तर ही खरंच धरून बसली! अगं, पैजेवर कोणी विहीर देतं का? येडी हायेस काय? पितृपक्ष लागलाय म्हणून थांबलोय. घटस्थापनेला भराव टाकणार. सही दे, नको देऊस. कोर्टात जा, तारखा घेत बस म्हातारी होईपर्यंत. तोवर विहीर राहील का बघ."

दिपाली आईकडे वळली. "आई, तुझ्यासमोर शपथ घेतली ना ह्याने? तू तरी बोल!"

कमळाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी काय बोलू? माझं कोन ऐकतंय हितं," ती पुटपुटली.

"ही विहीर खणली तेव्हा पाटीने माती तू उपसलीस ना? मिठाने पाय फुटायचे, ते धुवायला गोडं पाणी हवं म्हणून तू बाबाच्या मागे लागलीस. तूच सांगितलंयस मला हे. आणि आज 'माझं कोण ऐकतंय'? शाबास, आई!" म्हातारीने मान खाली घातली आणि वर केलीच नाही.

मग दिपालीने चाळणी घेतली. सतरा गप्पी आणि सापडतील तेवढी पिल्लं टाकीच्याच पाण्यात कळशीत घेतली. आता त्यांना पुन्हा गोड्याची सवय लावायला हवी होती, तसंच थेंबाथेंबाने. दारात ती थांबली.

"वहिनी, आजपासून टाकी तू बघ. पहिल्यासारखी," ती म्हणाली. खोटं तिने काही सांगितलं नाही. खरंही सांगितलं नाही. असली माणसं, त्यांना सांगायचं तरी कशाला!

काळूरामची तिथी दशमीची. बापाच्या तिथीला लेक यायलाच हवी, भांडण असो नसो. दिपाली घरात शिरली तर स्वयंपाकघरात वडे तळायचे थांबलेले. टाकीसमोर सगळे उभे. स्टीलच्या ताटात पिवळा मासा आडवा पडला होता, शेजारी निळा. नारिंगी मासा टाकीच्या वरच्या कोपऱ्यात तोंड उघडून धापा टाकत होता.

"काय घातलंस तू पाण्यात?" प्रितेश अंगावरच आला. "तू गेलीस नि हे मरायला लागले. विष घालून गेलीस ना?"

"मी घालतच होते काहीतरी," दिपाली शांतपणे म्हणाली. "रोज. पंधरा दिवस. विचार तुझ्या बायकोला, काय घालत होते."

भावना चाचरली. "विहिरीचं पाणी... दोन कळश्या. मला वाटलं दिपालीताईंच्या गप्पींना हवं असेल. त्या गेल्यावर मी आपलं नेहमीसारखं खारंच घातलं. मासे मलूल दिसले, तर चार मुठी मीठ जास्तच टाकलं. समुद्रातले मासे, मीठ कमी पडलं असेल म्हणून."

प्रितेशने ताटातल्या माशांकडे बघितलं, मग वर बापाच्या फोटोकडे. काचेवर त्याच्या हाताचा ठसा अजून दिसत होता. गणपतीच्या गडबडीत कोणी पुसलाच नव्हता. आजची तिथी, फोटोवर ठेवलेला हात, आणि बापाच्या विहिरीचं पाणी थांबलं तशी मासे मरायला लागलेली टाकी. तसा तो कोणाच्या बापाला न भिणारा गडी, पण स्वतःच्या मेलेल्या बापाला चांगलाच भ्याला.

"हॅं! गोडं पाणीच हवंय ना?" तो जरा सावरून म्हणाला. "गोड्या पाण्याला काय तोटा? आरओचं घालू. टँकर बोलावू. विहीरच कशाला पाहिजे?"

ते खरं होतं, आणि दिपालीला ते ठाऊक होतं. कुठलंही गोडं पाणी चाललं असतं. टँकरचं, नळाचं रात्रभर ठेवून शिळं केलेलं, आरओचं तर उत्तमच. तिचा पंधरा दिवसांचा सगळा खेळ त्या एका वाक्याने संपत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिला नीट खोटं बोलता येत नसे, लहानपणापासून.

प्रितेश आईकडे वळला. "आई, तू सांग. तुझा जन्म मिठागरावर गेला. तुला खाऱ्या-गोड्याचं कळतं. दुसरं पाणी चालेल ना?"

कमळाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत टाकीपाशी आली. होळीपासून त्या टाकीला तिने बोट लावलं नव्हतं. तिला कोणी लावू दिलं नव्हतं. तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. क्षणभर तिचे डोळे बारीक झाले. चाळीस वर्षं त्या चवीत उभी राहिलेली बाई ती! दिपालीला कळलं, आईला सगळं कळलं. पाणी का उतरतं, मीठ कुठून वाढलं, पोरीने काय केलं आणि काय सांगितलं नाही, सगळं. आता म्हातारी बोलणार, नेहमीसारखी मुलाच्या बाजूने, आणि विहीर गेली.

कमळाबाईने बोट पदराला पुसलं. आधी नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"न्हाय चालनार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाय चालनार. त्या विहिरीचंच पानी लागंल. तुझ्या बापानं हातानं खणलेली हाय ती. दुसरं पानी घातलंस त उरलंय त्ये पन मरंल. आनि तू फोटोवर हात ठेवला व्हतास, त्ये पन ध्यानात ठेव. माझ्या डोल्यांदेखत ठेवला व्हतास."

प्रितेशने खिशातून फोन काढला आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन विपुलला लावला. "भराव राहू दे सध्या. नकाशा बदलायला सांग, विहीर सोडून. का म्हणजे? सांगतोय ना मी!" आत येऊन त्याने कोणाकडे न बघता कोपऱ्यातली तांब्याची कळशी उचलली, आणि तिथीचा पांढराशुभ्र सदरा घातलेला तो माणूस तरातरा विहिरीकडे निघाला. भावना दोर घेऊन त्याच्यामागे धावली.

हॉलमध्ये मायलेकी दोघीच उरल्या. दिपालीने आईचा हात धरला, तो खरखरीत हात, ज्याच्या भेगा इतक्या वर्षांत बुजल्या नव्हत्या.

"रोज किती घालत व्हतीस?" कमळाबाईने दाराकडे नजर ठेवून विचारलं.

"दोन कळश्या."

"त्याला तीन सांग," म्हातारी म्हणाली आणि वडे तळायला आत गेली.